रोज सकाळी छप्पन्न

मित्रांनो, मला जुना म्हटलेलं चालतं. गंजका म्हणा, कुरकुऱ्या म्हणा, तेही खरंच आहे. पण परवा एका नव्या माणसाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे अजून टाकून नाही दिलं?" तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'हे' म्हणजे मी. मी वजनकाटा आहे, छातीच्या दवाखान्यातला. उभा लोखंडी खांब, त्यावर गोल तबकडी, खाली उभं राहायला पायरी. माझी गोष्ट सांगण्याआधी एक कबुली देऊन टाकतो. माझा स्वभाव हेवेखोर आहे. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं, आणि माझ्या पोटात स्प्रिंग असल्यामुळे ते जरा जास्तच दुखतं.

माझा जन्म पत्र्याच्या छपराच्या एका कारखान्यात झाला. एकाने खांब उभा केला, दुसऱ्याने तबकडीवर आकडे रंगवले, तिसऱ्याने स्प्रिंग बसवली. शेवटी एका चष्मेवाल्या तपासनिसाने माझ्या पायरीवर लोखंडी वजनं एकेक करून रचली. वीस ठेवली की सुई वीसवर, पन्नास ठेवली की पन्नासवर. शंभरपर्यंत मी एकदाही चुकलो नाही. शेजारचे दोन काटे चुकले आणि मागे राहिले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिथून मी या दवाखान्यात आलो. तीन खोल्या, एक लांब व्हरांडा, भिंतीला टेकवलेले दोन बाक. इथे क्षयाचे, म्हणजे टीबीचे, रुग्ण गोळ्या घ्यायला येतात. टीबीत माणूस आतून झिजतो. त्यामुळे औषध लागू पडतंय की नाही, हे मला लवकर कळतं. पहिल्या वर्षांत फार मजा होती. काटकुळा माणूस यायचा, दोन महिने गोळ्या घ्यायचा आणि पायरीवर चढला की माझी सुई तीन-चार किलो पुढे सरकायची. "बघा, काटा काय म्हणतोय," असं म्हणून सिस्टर त्याचं डोकं धरून तबकडीकडे वळवायची. त्या क्षणी अख्ख्या दवाखान्यात माझ्याइतका मोठा कुणी नसायचा.

एरवी मात्र माझी जागा पायाशीच. थर्मामीटर थेट लोकांच्या जिभेखाली जायचं. रक्तदाब मोजायचं यंत्र दंडाला मिठी मारून बसायचं. स्टेथोस्कोप तर सिस्टरच्या गळ्यातच पडलेला. आणि मी? माझ्यावर लोक घामट पाय घेऊन उभे राहायचे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आता सिस्टरबद्दल सांगतो. सतरा वर्षं ती याच दवाखान्यात होती. रुग्ण तिला ताई म्हणत. सत्तरीचे आजोबासुद्धा ताईच म्हणत. तिच्या हाताखाली झाडलोट करणारी आणि सगळ्यांवर नजर ठेवणारी मावशी होती. डॉक्टरसाहेब फक्त मंगळवारी येत, कारण त्यांच्या गळ्यात असे तीन दवाखाने बांधलेले होते. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे सिस्टर आणि सिस्टर म्हणजे दवाखाना.

पुढे पुढे एक वेगळाच टीबी येऊ लागला. तो नेहमीच्या गोळ्यांना भीकच घालत नसे. त्याच्यासाठी दुसरी औषधं होती, पण ती दीड-दोन वर्षं, रोज मूठभर. कुणाला ओकाऱ्या व्हायच्या, कुणाच्या कानात शिट्ट्या वाजायच्या, कुणाच्या पायांची आग व्हायची. लोक मधेच कंटाळून घरी बसायचे आणि सिस्टर त्यांच्यामागे गल्लोगल्ली फिरायची. दारात उभं राहून ती आवाज हळू ठेवायची, कारण शेजाऱ्यांना कळलं तर त्या घराशी कुणी बोलत नसे. कधी गोळ्यांचा पुरवठाच थांबायचा. तोंडावरचा जाड मास्क आठवड्याला एकच मिळायचा. तो संध्याकाळी कागदी पिशवीत घालून, वर नाव लिहून खिळ्याला टांगायचा आणि सकाळी पुन्हा लावायचा. चौथ्या दिवशी त्याची दोरी तुटली की सिस्टर गाठ मारायची.

असं सगळं असताना बातमी आली, की एक मशीन येणार. दोन तासांत थुंकी तपासून टीबी आहे का, आणि तो औषधांना जुमानणार की नाही, हेही सांगणारी मशीन. तिने येण्याआधीच माझा घात केला. तिच्यासाठी खोली रिकामी करायची म्हणून चार माणसं कपाट ओढत होती, त्या कपाटाचा धक्का मला लागला आणि मी तोंडावर पडलो. तबकडीची काच तडकली. सिस्टरने तडकलेल्या भागावर पांढरी चिकटपट्टी लावली. शून्यापासून वीसपर्यंतचे सगळे आकडे त्या पट्टीखाली गेले. मोठ्या माणसांच्या वजनाला ते आकडे लागतच नाहीत, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. दुरुस्तीसाठी अर्ज गेला. तो अजून कुठेतरी फिरत असेल.

पण पडल्यामुळे माझी सुई हलली होती, आणि शून्य दिसत नाही तर ती जागेवर आणायची कशी? सिस्टरने युक्ती काढली. "माझं वजन मला पाठ आहे," ती मावशीला म्हणाली. "लग्नात छप्पन्न, लेक झाली तेव्हा छप्पन्न, आजही छप्पन्न. हातच्या काकणाला आरसा कशाला?" ती चपला काढून पायरीवर चढली, मावशीने माझ्या पाठीमागचा स्क्रू फिरवला, सुई छप्पन्नवर आली. झालं काम. त्या दिवसापासून सिस्टर रोज सकाळी दार उघडलं की सर्वांत आधी माझ्यावर उभी राहायची. छप्पन्न दिसलं की म्हणायची, "काटा ठीक आहे." मगच पहिल्या रुग्णाला हाक. सुई जरा मागे वाटली, तर स्क्रू केसभर फिरवायची. मला ही पद्धत मनापासून आवडली. स्टेथोस्कोपला असा मान कुठे होता?

मग ती मशीन आली. मित्रांनो, तिचा थाट काय सांगू. लाकडी खोक्यातून आली, मऊ फोममध्ये गुंडाळलेली. तिच्या खोलीला नवा रंग, नवं दार, आणि हवा थंड करणारं यंत्र. तिला गरम झालेलं सोसत नाही म्हणे. सिस्टर मास्क लावून दिवसभर घामाघूम होई तेव्हा तिच्यासाठी साधा पंखा आला नव्हता. पण बाईसाहेब थंडगार. पाहुणे आले, भाषणं झाली, फोटो निघाले. फोटोत अडचण नको म्हणून मला ढकलून व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभं केलं. मी मनात म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

आणि मी तिच्या वाईटावर टपून बसलो. वीज गेली की ती मुकी व्हायची. मला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. तिला प्रत्येक तपासणीला एक नवी प्लॅस्टिकची कुपी लागते, तिला कार्ट्रिज म्हणतात. त्या संपल्या की ती आठवडेच्या आठवडे कापडाखाली झाकून बसायची. मला ना वीज लागते ना कुपी. पाय ठेवा, उत्तर घ्या. पण हे कुणाच्या लक्षात येईल तर शपथ.

त्याच सुमाराला वेल्डर आमच्याकडे येऊ लागला. फाटकं, जाळ्या, खिडक्यांचे गज जोडणारा हा माणूस बोलायला मोठा खट्याळ. मशीनने त्याच्या थुंकीत औषधाला न जुमानणारा टीबी शोधला होता. घरी बायको आणि दोन लहान मुली. "ताई, लोखंड जोडतो मी. फुफ्फुसाला टाका मारता आला असता तर तुम्हाला त्रास दिला नसता," असं तो म्हणायचा. पहिल्या दिवशी मी त्याचं वजन सांगितलं: बावन्न. ते खरं होतं. त्या वेळी मी खराच होतो.

पुढच्या महिन्यांत सिस्टरला खोकला लागला. व्हरांड्याबाहेर रुग्णांना मोकळ्या हवेत बसायला शेड बांधायला घेतली होती, सिमेंटची धूळ उडत होती. "धुळीने होतंय," ती म्हणायची. सकाळी माझ्यावर उभी राहिली की सुई छप्पन्नच्या जरा अलीकडे थांबायची. "पुन्हा सैल पडला वाटतं काटा," असं म्हणून ती स्क्रू फिरवायची. आठ दिवसांनी पुन्हा. नंतर पुन्हा. सुईला फिरवता येतं, मित्रांनो, पण स्प्रिंगला नाही. तिच्यावर किती भार पडतोय हे तिला नेमकं समजतं. मला समजत होतं. सिस्टर हलकी होत चालली होती, आणि दोष माझ्या माथी मारत होती. वड्याचं तेल वांग्यावर.

मी ओरडून सांगू शकत नव्हतो, हे तुम्ही म्हणाल. खरं आहे, मला तोंड नाही. पण मला वाईट तरी वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही, कारण तेवढ्यात माझे चांगले दिवस आले.

झालं असं, की स्क्रू फिरेल तशी प्रत्येकाच्या वजनात भर पडत गेली. गोळ्या चालू असलेले एकतीस रुग्ण, आणि एकतीसच्या एकतीस जणांचं वजन दर महिन्याला वाढताना दिसू लागलं. ज्याचं खरंच वाढत होतं त्याचं जास्त वाढलं, ज्याचं घटत होतं त्याचंही थोडं वाढलं. सिस्टरचा चेहरा फुलला. भिंतीवर तक्ता लागला. मोठे अधिकारी पाहणीला आले तेव्हा ते मशीनच्या खोलीत दोन मिनिटं थांबले आणि माझ्यापाशी दहा. "या केंद्रात सगळेच वजन धरतायत, हे कसं केलंत?" त्यांनी विचारलं आणि माझ्या खांबावर हात ठेवून फोटो काढला. त्या दिवशी कार्ट्रिज संपल्या होत्या आणि मशीन कापडाखाली होती. मला वाटलं, आता मेलो तरी हरकत नाही.

डॉक्टरसाहेबही माझ्याच आधाराने चालायला लागले होते. त्यांचा तरी काय दोष? वेल्डरच्या थुंकीचा नमुना दर महिन्याला लांबच्या मोठ्या प्रयोगशाळेत जायचा, तिथे जंतू वाढवून, औषधाने ते मरतायत का हे बघतात; मशीनला ते कळत नाही. पहिला नमुना वाटेत सांडला, दुसऱ्यावरचं नाव पुसलं गेलं, पुढच्यांचं उत्तर आलंच नाही. सत्तर माणसं बाहेर खोकत असताना डॉक्टरसाहेबांच्या हातात एकच गोष्ट होती, कार्डावरचा वजनाचा रकाना. वेल्डर म्हणाला, "साहेब, दम लागतो. जिना चढवत नाही." त्यांनी कार्ड पाहिलं. "वजन वाढतंय ना? मग औषध काम करतंय. काटा चांगलं सांगतोय तोवर औषध बदलायची घाई नको." हे शब्द ऐकून मी फुगलो होतो. त्याची मला आज लाज वाटते.

मावशीला मात्र माझ्याबद्दल कधीच आदर नव्हता. ती माणसाकडे बघायची, तबकडीकडे नाही.

"ताई, हातातलं घड्याळ कोपरापर्यंत घसरतंय तुमच्या," ती एकदा म्हणाली.

"पट्टा सैल झालाय."

"आणि रात्री घाम येतो म्हणालात, तो कशाने सैल झाला?"

सिस्टर हसली आणि खोकली. मावशीने थुंकीची रिकामी डबी तिच्यापुढे धरली. "लोकांच्या डब्या रोज त्या मशीनवाल्या पोरीकडे नेऊन देता. एक तुमची द्या की."

"आठ कार्ट्रिज उरल्यात मावशी, आणि रांगेत अकरा जण आहेत. आधी रुग्ण. शिवाय वजन बघ माझं, छप्पन्न आहे. टीबीवाल्याचं वजन असं राहतं का?" मग आवाज उतरवून ती म्हणाली, "आणि समज, निघालाच, तर या एकतीस जणांना गोळ्या कोण देणार? बदलीची सिस्टर मागून मिळत नाही. माझ्या लेकीबरोबर आत्ताच पोरी डबा खात नाहीत, मी इथे काम करते म्हणून. उद्या काय होईल तिचं?"

मावशीने डबी फळीवर ठेवून दिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका बुधवारी वेल्डर आला. बाकावरून उठून माझ्यापर्यंत यायला त्याने दोनदा भिंत धरली. पायरीवर चढला. सिस्टरने वाचलं, "चोपन्न. मागच्या खेपेपेक्षा अर्धा किलो जास्त. शाबास."

वेल्डर उतरला नाही. त्याने शर्ट वर करून कमरेचा पट्टा दाखवला. "ताई, तुमच्या काट्यावर मी जाड होतोय आणि माझ्या पट्ट्यावर बारीक. दोघांपैकी कुणीतरी थापा मारतंय."

"चामडं ताणलं जातं, भाऊ."

"चामडं ताणलं जाईल. पण ही चार भोकं मी पाडलीत, खिळा तापवून. महिन्याला एक." तो दम घ्यायला थांबला. "तुमचा काटा एकदा तपासा."

सिस्टरला राग आला. ती क्वचितच रागवायची. "काटा मी रोज तपासते. एक दिवस चुकलेला नाही."

"कशावर तपासता?"

"माझ्यावर. माझं वजन ठरलेलं आहे."

वेल्डरने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या गळ्याची हाडं, घसरलेलं घड्याळ, गाठ मारलेला मास्क. मग हळूच विचारलं, "आणि तुम्हाला कशावर तपासता?"

सिस्टरने घसरलेलं घड्याळ वर सरकवलं.

बाहेर शेडपाशी सिमेंटची पोती रचलेली होती. वेल्डर म्हणाला, "त्यावर पन्नास किलो छापलंय. एक न फोडलेलं पोतं आणून ठेवू. सिमेंटला टीबी होत नाही, ताई." दोन गवंड्यांनी पोतं उचलून माझ्या पायरीवर उभं केलं. माझी सुई निघाली. पन्नासपाशी थांब, थांब, असं मी तिला जीव तोडून सांगत होतो. ती थांबली नाही. सत्तावन्नवर जाऊन उभी राहिली.

"पोत्यात कमीजास्त भरतात," सिस्टर म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"कमी भरतात हे आम्ही रोज बघतो," वेल्डर म्हणाला. "सात किलो जास्त भरून देणारा व्यापारी मला दाखवा, त्याच्या पाया पडतो."

गवंड्यांनी पोतं उतरवलं. मावशीने पुढे होऊन माझ्या तबकडीवरची चिकटपट्टी ओढून काढली. काचेचे दोन तुकडे खाली पडले. पायरी रिकामी होती आणि माझी सुई सातवर उभी होती. इतके महिने त्या पट्टीखाली मी जे लपवून बसलो होतो, ते सगळ्यांसमोर उघडं पडलं. मला कुणी शिवी दिली असती तरी चाललं असतं.

सिस्टर माझ्यावर चढलीच नाही. तिला गरज नव्हती. "छप्पन्नातून सात," ती पुटपुटली. "एकोणपन्नास." मग वेल्डरकडे बघून म्हणाली, "आणि चोपन्नातून सात, सत्तेचाळीस. भाऊ, तू बावन्नचा आला होतास." ती मावशीकडे वळली. "मावशी, एकतीस कार्डं काढ. सगळ्यांची वजनं खोटी आहेत. कुणाकुणाचं औषध लागू पडत नाहीये, देव जाणे. आजच निरोप पाठवायचे."

मावशीने अकरा वर्षांत सिस्टरचा शब्द कधी ओलांडला नव्हता. तिने फळीवरची डबी उचलली आणि सिस्टरच्या हातात दिली. "आधी ही. मग कार्डं."

"तीनच कार्ट्रिज आहेत."

रांगेत पहिला बसलेला एक म्हातारा उठला. "माझं उद्या बघा, ताई. मी काय, रोजच रिकामा," तो म्हणाला आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसला. सिस्टर डबी घेऊन मोकळ्या हवेत, अर्ध्या बांधलेल्या शेडमागे गेली.

मशीन चालवणाऱ्या मुलीने डबी घेतली आणि नवं दार लावून घेतलं. दोन तास लागणार होते. मित्रांनो, त्या मशीनचा मी किती दुस्वास केला ते तुम्हाला सांगितलंच आहे. वीज जावी, कार्ट्रिज संपाव्यात, तिची वायर उंदरांनी खावी, असं मी कितीदा चिंतलं. त्या दोन तासांत मधेच दिवे मिचमिचले आणि माझी स्प्रिंग आवळून आली. तू चालू राहा बाई, मी म्हणत होतो, माझं सगळं कौतुक तू घे, फोटो घे, थंड हवा घे, फक्त आज बंद पडू नको. त्यातही मी लबाडी केलीच. मनातून मला वाटत होतं, की तिने 'काही नाही' असं सांगावं आणि मीही फार चुकलो नव्हतो असं ठरावं.

मुलगी बाहेर आली तेव्हा तिने मास्कवरून डोळे पुसले. टीबी होता, आणि तो मुख्य औषधाला दाद न देणारा होता. जो सिस्टर इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरातून हाकलत होती, तोच.

सिस्टर शेडच्या कठड्यावर बसली. मावशी तिच्यापासून चार हातांवर बसली, कारण सिस्टरनेच तिला तेवढं लांब बसायला लावलं. सिस्टर म्हणाली, "मला कळत नव्हतं असं नाही ग. घड्याळ घसरत होतं, दिसत होतं. पण सकाळी काट्यावर छप्पन्न आलं, की दिवस सुरू करता यायचा." हे मी व्हरांड्याच्या कोपऱ्यातून ऐकलं. तिने स्क्रू फिरवला होता हे खरं. पण खोट्यावर इतका खूश होणारा दुसरा कुणी त्या दवाखान्यात नव्हता. ती भीतीने गप्प राहिली आणि मी हेव्याने.

त्या आठवड्यात गवंड्यांनी मला उघड्यावर नेऊन सिमेंटच्या पोत्यांवर पुन्हा जुळवलं. सिस्टर मास्क लावून लांब खुर्चीवर बसली आणि एकेक रुग्णाचं वजन मावशीकडून मोजून घेत कार्डं दुरुस्त करत गेली. एकतीसमधल्या नऊ जणांचं वजन वाढलेलं नसून घटलेलं निघालं. मंगळवारी डॉक्टरसाहेब आले. त्यांनी कार्डं पाहिली आणि खुर्ची ओढून सिस्टरसमोर बसले. त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहिलं. "मी तुमच्याकडे बघितलंच नाही, सिस्टर," ते म्हणाले. "दर मंगळवारी कार्डाकडे बघत होतो." वेल्डरची औषधं त्याच दिवशी बदलली. तो बरा झाला असं सांगून तुम्हाला खूश करायला मला आवडलं असतं. पण तो अजून बरा झालेला नाही. येतो, दोनदा भिंत धरतो, माझ्यावर उभा राहतो, आणि मी जे आहे ते सांगतो.

बदलीची सिस्टर यायला दहा आठवडे लागले. तोवर मावशीने गोळ्यांच्या पुड्या मोजल्या. पंखा मात्र लगेच आला. दुखणं पुढे आणि औषध मागे, अशीच या जगाची रीत दिसते.

मित्रांनो, तुम्ही कधी अशा दवाखान्यात आलात, तर मशीनकडे बघा, माझ्याकडेही बघा. यंत्रांची काळजी घ्या. त्यांना वेळच्या वेळी तपासा, आणि तपासायला न झिजणारं काहीतरी वापरा. पण मास्कच्या मागे जी बाई दिवसभर "पुढचा" म्हणून हाक मारते, तिलाही कुणीतरी विचारा, तुझं वजन कुणी केलं? तिच्यासाठी एक कार्ट्रिज बाजूला ठेवा. आम्हा निर्जीव वस्तूंचा हेवा फार तर आम्हालाच जाळतो असं मी समजत होतो. तसं नसतं.

मला आजही हेवा वाटतो. त्या थंड खोलीचा वाटतो. नव्या सिस्टरच्या गळ्यातल्या नव्या स्टेथोस्कोपचा वाटतो. सगळ्यांत जास्त वाटतो तो मावशीचा, कारण जे मला ठाऊक होतं ते तिने तोंडाने सांगितलं होतं.

काल सिस्टर औषध घ्यायला आली. आता ती इतरांसारखी बाकावर बसते, नंबर लागला की उठते. त्या मूठभर गोळ्या तिच्या पोटात टिकत नाहीत. ती चपला काढून माझ्यावर चढली. मी माझ्या सुईला एक केसभरही पुढे जाऊ दिलं नाही. ते करताना मला किती जड गेलं, ते माझं मला माहीत.

नव्या सिस्टरने आकडा पाहिला आणि पेन हातात तसंच धरून ठेवलं. "शेहेचाळीस," ती अगदी हळू म्हणाली. "ताई, सुई जरा हलतेय. साडेशेहेचाळीस लिहू का? तुम्हालाही बरं वाटेल."

सिस्टरने तबकडीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"आहे तेवढंच लिही," ती म्हणाली. "आणि मी उतरले की तू चढ."